सोयाबीन स्वस्त, सोयाबीनचं तेल महाग – हे गणित कोणी समजावेल का?

चकली_ऐरोली | रात्री १०:१२

मंडळी, २०२५ ची दिवाळी झाली, कढया घासून माळ्यावर गेल्या, आता जरा टेकायला मिळालं म्हणून हा धागा.

मी ऐरोलीत घरगुती फराळ करून विकते. यंदा चकली, शेव, कडबोळी, शंकरपाळे मिळून तेलाचे नऊ डबे लागले. माहेर औसा तालुक्यातलं, लातूरकडचं. भाऊबीजेला भाऊ आला होता. त्याचं सोयाबीन सप्टेंबरच्या पावसात निम्मं भिजलं, उरलेलं त्याने ४०५० रुपये क्विंटलने घातलं. २०२५-२६ चा हमीभाव होता ५३२८. ओट्यापाशी उभा राहून तो माझ्या तेलाच्या पिशवीवरची किंमत वाचत होता. म्हणाला, "ताई, मी विकतो चाळीस रुपये किलो, तू घेतेस दीडशेच्या पुढे. मधलं कोण खातं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. चकल्या होत्या, त्या बांधून दिल्या.

पण प्रश्न डोक्यातून जाईना. तेल महागलं तर तेलबिया पिकवणाऱ्याला चार पैसे जास्त मिळायला हवेत ना? इथे दोन्हीकडून आमचंच घर जळतंय.

आणि दुसरी गंमत ऐका. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात डबे संपले, म्हणून नेहमीच्या दुकानातून सुट्या पिशव्या आणल्या. पिशवी १३२ ची, शेजारच्या दुसऱ्या कंपनीची पूर्ण लिटरची १४८ ची. अर्थात १३२ ची घेतली. तेल ओततानाच कढई भरेना. काट्यावर ठेवली तर ८०० ग्रॅम! एक लिटर तेल ९१० ग्रॅम भरतं, हे आम्हा तळणीवाल्यांना पाठ असतं. हिशेब केला: १३२ ची पिशवी पडली १६५ रुपये किलो, १४८ ची पडली १६२ रुपये ६४ पैसे. म्हणजे स्वस्त समजून महाग घेतलं. दुकानदाराला विचारलं तर म्हणे, "काकू, छापलंय की त्यावर." छापलंय खरं, डाळीच्या दाण्याएवढं.

जाणकारांनी समजावून सांगावं.

खारीगाव_खाडी | रात्री १०:२०

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. (पॉपकॉर्न पण पामतेलातलंच असणार म्हणा.)

दाणाबाजार_निवृत्त | रात्री १०:५८

ताई, आधी मशीद बंदर, मग तुर्भे, अशी चौतीस वर्षं तेलाच्या गादीवर काढली. आता कोपरखैरणेत नातू सांभाळतो. थोडं सांगतो.

तुमच्या भावाची तुलना फसवी आहे, त्याला राग येईल तरी सांगतो. सोयाबीन म्हणजे तेलबी नाहीच. सरकार तिला तेलबी म्हणतं, व्यापारी पेंडेचं पीक म्हणतो. शंभर किलो सोयाबीन गाळलं तर तेल निघतं जेमतेम १८ किलो. ऐंशी-ब्याऐंशी किलो पेंड, आम्ही तिला डीओसी म्हणतो. ती कोंबड्यांना जाते, थोडी परदेशी जाते. भुईमुगाच्या दाण्यात चाळीसच्या वर टक्के तेल, तिळात पन्नासच्या आसपास. म्हणून भुईमूग तेलावर चालतो आणि सोयाबीन पेंडेवर.

आता हिशेब. समजा तेल किलोमागे २० रुपयांनी चढलं. एका क्विंटल सोयाबीनमागे किती वाढले? अठरा गुणिले वीस, ३६० रुपये. त्याच वेळी पेंड किलोमागे फक्त १० रुपयांनी उतरली, तर ऐंशी गुणिले दहा, ८०० गेले. तेल कडाडलं तरी सोयाबीन पडतं ते असं. आणि पेंड पडलीच आहे, कारण मक्यापासून, तांदळापासून इथेनॉल करणाऱ्या कारखान्यांतून जो चोथा निघतो तोही कोंबडीखाद्यात शिरलाय, आणि तो स्वस्त पडतो. बाहेर आपली पेंड ब्राझील-अर्जेंटिनापुढे महाग, त्यामुळे निर्यातही रडतखडत.

मधलं कोण खातं, तर बऱ्याच अंशी कोंबडी.

चकली_ऐरोली | रात्री ११:०३

काका, 🙏. हे मला वीस वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं. भावाला हे जसंच्या तसं पाठवते.

पण मग तेल तरी का चढतं?

दाणाबाजार_निवृत्त | रात्री ११:३१

कारण तेलाचा भाव लातुरात ठरतच नाही. आमच्या गादीवर सकाळी पहिला प्रश्न "मलेशिया काय?" हाच असायचा. क्वालालंपूरचा वायदा उघडला की मुंबईचा दहा किलोचा भाव निघायचा. मग रात्री शिकागो. मलेशिया तेज तर आम्ही तेज. लातूर-अकोल्याचा फोन दुपारी जेवणानंतर.

देशाला वर्षाला अडीचशे लाख टनांहून जास्त खाद्यतेल लागतं. २०२३-२४ च्या तेलवर्षात (आमचं वर्ष नोव्हेंबर ते ऑक्टोबर) साधारण १६० लाख टन बाहेरून आलं. त्यात पाम ९० लाखांच्या आसपास, उरलेल्यात सोया नि सूर्यफूल जवळपास निम्मंनिम्मं. पाम इंडोनेशिया-मलेशियाचं, सोया अर्जेंटिना-ब्राझीलचं, सूर्यफूल रशिया, युक्रेन, रुमानियाचं. वर्षाचं बिल सव्वा लाख कोटींच्या वर. शंभर रुपयांच्या तेलात साठ रुपयांचं तेल दुसऱ्याचं असेल, तर भाव दुसराच सांगणार.

आणि एक. मालाला कर लागला की गोदामातला जुना मालही त्याच मिनिटाला चढतो, कारण उद्या तो भरायचा नव्या भावाने. उतरताना मात्र प्रत्येक जण आधी जुना महाग माल संपवतो. चढायचा निरोप मोबाईलवर येतो, उतरायचा पोस्टकार्डाने. यात आम्ही व्यापारीही सोवळे नाही, कबूल करतो.

न्हावा_रातपाळी | रात्री १:४७

काकांशी सहमत. मी उरणला टाक्यांच्या आवारात तपासणीचं काम करतो, आत्ताही ड्युटीवरच आहे, जहाज लागलंय. खाद्यतेल सगळ्यात जास्त गुजरातेत कांडल्याला उतरतं, पण आपल्याकडेही येतं.

लोकांना वाटतं जहाजातून पिवळंधमक तेल येतं. कच्चं पाम बघाल तर गाजराच्या हलव्यासारखं लाल-केशरी, आणि थंड झालं तर थिजतं. म्हणून जहाजाच्या टाक्यांत वाफेच्या नळ्या असतात, दोन-तीन दिवस आधीपासून गरम करत आणतात. टाकीवरून डोकावून वरचा, मधला, तळाचा नमुना बाटल्यांत घ्यायचा, सील लावायचं, एक पार्टीला, एक प्रयोगशाळेला, एक भांडण झालं तर म्हणून कपाटात. कच्चं सोयातेल चिकट, त्याला कच्च्या वाटाण्यासारखा वास. तेच धुऊन, मातीतून गाळून, दोनशेच्या वर तापवून वास उडवला की तुमच्या पिशवीतलं "रिफाइंड". त्यानंतर पाम आणि सोया डोळे मिटून ओळखून दाखवावं, मी चहा पाजतो.

हाताला लागलेला पामचा वास मात्र दोन दिवस जात नाही. बायको जेवायला वाढताना लांबूनच ताट सरकवते.

वर्तकनगर_पोरगा | सकाळी ८:१५

ते डोळे मिटून वगैरे नको, सोपी युक्ती: जानेवारीत पहाटे डबा बघा. तळाशी पांढरं ढगाळ साचलं तर पामोलीन (पामतेलाचा पातळ भाग). येऊरच्या बाजूला आमच्याकडे थंडी जरा जास्त असते, माझ्या काकाच्या वड्याच्या गाडीवरचा डबा दरवर्षी गोठतो आणि तो दरवर्षी म्हणतो "भेसळ आहे". भेसळ नाही रे काका, पावतीवरच पामोलीन लिहिलंय.

सोलापुरी_घणसोलीत | सकाळी ९:०२

दाणाबाजार काका, पेंडेचं पटलं. पण सरकारने आयात तेलावरचा कर वाढवला तो शेतकऱ्यासाठीच म्हणून ना? मग?

दाणाबाजार_निवृत्त | सकाळी ९:४०

हो. तारीखवार सांगतो. गेल्या वर्षी गौरी उठून दोन दिवस होतात तोच, १४ सप्टेंबर २०२४ पासून, कच्च्या पाम-सोया-सूर्यफुलावरचा कर उपकर धरून साडेपाच टक्क्यांवरून साडेसत्तावीस झाला. रिफाइंडवरचा पावणेचौदावरून पावणेछत्तीस. हेतू असा की बाहेरचं तेल महाग पडेल, मग देशी बी उचललं जाईल. तेल महाग पडलं, ताईंच्या कढईपर्यंत पोचलं. बी उचललं नाही, कारण वर सांगितलं ते पेंडेचं रडगाणं. कराने तेल धरून ठेवलं, पेंडेला कोणी धरलं नाही.

मग महागाईची ओरड झाली, म्हणून ३० मे २०२५ ला कच्च्यावरचा कर साडेसोळावर आणला. रिफाइंडचा तसाच ठेवला. हे दुसरं मात्र शहाणपणाचं. दोन्हींत सव्वाएकोणीस टक्क्यांचं अंतर पडलं, त्यामुळे तयार पामोलीन आणून नुसतं पिशव्या भरण्याचा धंदा बसला आणि इथल्या रिफायनऱ्यांना काम आलं.

मधल्या काळात नेपाळमार्गे गंमत झाली. सार्क देशांतल्या करारामुळे नेपाळहून येणाऱ्या मालाला कर नाही. नेपाळात सोयाबीन पिकतं किती? पण तिथून रिफाइंड सोयातेलाचे टँकर मात्र सुरू झाले. पाणी उताराकडे वाहतं आणि तेल कमी कराकडे.

राबोडी_रोखठोक | सकाळी ९:५५

सरळ सांगा ना, शहरातल्या मतदाराला स्वस्त तेल हवं म्हणून शेतकऱ्याचा बळी. गेल्या विधानसभेला

[पुढचा मजकूर संपादित. इथे राजकारण नको. – व्यवस्थापक]

राबोडी_रोखठोक | सकाळी १०:१०

व्यवस्थापकही पामतेलवाले निघाले.

नौपाडा_आजी | सकाळी ११:२६

मुलांनो, तुम्ही तेल मिळतं आणि महाग आहे म्हणून भांडताय. आम्ही तेल मिळत नाही म्हणून भांडलो. १९७२ चा दुष्काळ, त्यानंतरची ती महागाई. मृणालताई गोरे, अहिल्याताई रांगणेकर यांनी बायकांना एकत्र केलं, लाटणं मोर्चे निघाले. मी नवी नवरी होते. सासूबाई कर्मठ, देवळाशिवाय कुठे जायच्या नाहीत, पण त्यांनी स्वतःहून घरातलं दुसरं लाटणं माझ्या हातात दिलं. "तू हे घे, ते पोळीचं आहे, मोडलं तर पंचाईत."

नंतर रेशनवर पामतेल आलं. आयात तेव्हा सरकारच करायचं. किटली घेऊन रांगेत उभं राहायचं, सणाला थोडं जास्त मिळायचं. त्या तेलाला वास असा यायचा की जिन्यातच कळायचं कोणाकडे कार्डाचं तेल आलंय. पाहुणे आले तर शेंगदाण्याचं, घरच्यांना कार्डाचं. आमच्या ह्यांना कळायचं लगेच, पण बोलायचे नाहीत.

आणि गेल्या काही वर्षांत "आनंदाचा शिधा" म्हणून शंभर रुपयांत रवा, डाळ, साखर आणि पुन्हा पामतेलच दिलं की. आमच्या कामवाल्या बाईकडे बघितली ती पिशवी. पन्नास वर्षांनी वास तेवढा गेला.

चकली_ऐरोली | सकाळी ११:४०

आजी, पोळीचं लाटणं 😂😂 काय सासू होत्या!

अभ्यासू_माजिवडा | दुपारी १:१८

आजींचा प्रतिसाद वाचून राहवलं नाही. त्यांच्या आणि आपल्या मधे एक काळ असा येऊन गेला की देश तेलात जवळजवळ स्वयंपूर्ण होता, आणि तो आपण विसरलोय.

१९८६ साली राजीव गांधींच्या काळात तेलबियांसाठी तंत्रज्ञान मोहीम सुरू झाली. बियाणं, हमीभाव, खरेदी, गाळप सगळं एका छत्राखाली. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने दुधाचा धडा तेलाला लावला, १९८८ मध्ये "धारा" आणलं. भाव पडले की खरेदी करायची, चढले की साठा बाजारात सोडायचा, आणि आयातीला दार बंद. १९९३-९४ पर्यंत आयात गरजेच्या ३ टक्क्यांच्या आसपास उतरली. पीतक्रांती म्हणतात ती हीच.

आणि लगेच १९९४ मध्ये पामोलीनची आयात खुली केली. सुरुवातीला कर ६५ टक्के होता, चारच वर्षांत तो पंधराच्या घरात आणला. झालं. बांध फुटला तो अजून बुजलेला नाही. त्या वेळी सोलापूर-मराठवाड्यात करडई, सूर्यफूल केवढं असायचं! आज करडईचं शेत बघायला मुद्दाम गाडी काढावी लागते.

पण (हा पण महत्त्वाचा आहे) नुसतं आयातीवर खापर फोडून चालणार नाही. आधी आपण तेल खात किती होतो आणि मग किती खायला लागलो तेही बघा. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकात माणशी वर्षाला ३ किलोच्या आसपास. शतक पालटताना आठ. २०२०-२१ मध्ये १९.७ किलो. हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था सांगते बारा पुरे.

गृहिणी_पाचपाखाडी | दुपारी १:३३

काहीतरीच! १९.७ किलो? चार माणसांना महिन्याला साडेसहा किलो होतात. आमच्याकडे चौघांना तीन लिटर पुरतं आणि मुलगा म्हणतो आई तेल कमी घाल.

अभ्यासू_माजिवडा | दुपारी १:४९

ताई, उरलेलं पावणेचार किलो तुमच्या घरात नाही, तुमच्या पोटात आहे. मुलगा संध्याकाळी स्टेशनवर वडापाव खातो, तुम्ही चहाबरोबर खारी-बिस्किट खाता, पाहुण्यांना फरसाण, रविवारी हॉटेल, केकवरचं क्रीम, आइस्क्रीमच्या नावाने मिळणारं "फ्रोजन डेझर्ट". या सगळ्यात पाम. बिस्किटाच्या पुड्यावर "खाद्य वनस्पती तेल" वाचा आणि पुढे कंसात बघा. (साबण-बिबणात जाणारं थोडं वेगळं, तेही याच आकड्यात मिसळतं.) आपल्या भागात पाम म्हणून विकत आणणारं घर क्वचित, पण देशात सगळ्यात जास्त खपतं तेच. आपण ते बाटलीने घेत नाही, पुड्याने घेतो.

लोकसंख्येचं गणितच भयंकर आहे. १४३ कोटी माणसं धरा. प्रत्येकाने महिन्याला फक्त १०० ग्रॅम तेल जास्त खाल्लं, म्हणजे आठवड्याला एखादी जादा भजीची प्लेट, तर वर्षाला १७ लाख टन वाढतात. रातपाळीवाल्यांना विचारा, ३० हजार टनांची किती जहाजं झाली.

न्हावा_रातपाळी | दुपारी ३:०५

उठलो आत्ता. सत्तावन्न. आठवड्याला एकाहून जास्त. माझ्या रजेचा विचार करून खा रे.

गृहिणी_पाचपाखाडी | दुपारी ३:२०

पुड्यावर वाचलं. पाम. तिन्ही पुड्यांवर. मुलाला दाखवलं तर म्हणतो, "आई, तूच आणतेस."

लाकडी_घाणा_प्रेमी | दुपारी ४:१०

म्हणून म्हणतो, घाण्याचं तेल घ्या! रिफाइंड म्हणजे विष. आमच्या भागात घाण्याचं शेंगदाणा तेल १९० रुपये लिटर मिळतं, पाच वर्षं तेच घेतोय, गुडघे दुखायचे थांबले.

दाणाबाजार_निवृत्त | दुपारी ४:४५

गुडघ्यांबद्दल डॉक्टर बोलतील, भावाबद्दल मी. घाण्यात एक किलो दाण्याला तेल सुटतं चारशे, फार तर सव्वाचारशे ग्रॅम. एका लिटरला म्हणजे ९१० ग्रॅमला सव्वादोन किलो दाणे हवेत. दाणा समजा १२० रुपये किलो धरला, तर नुसता कच्चा माल २७० चा. पेंड विकून चाळीस-पन्नास सुटतील, पण वीज, मजुरी, दुकानाचं भाडं, बाटली? तुम्हाला १९० ला देणारा एकतर संत आहे किंवा त्या बाटलीत शेंगदाण्याबरोबर आणखी कोणीतरी राहतं. बहुधा सरकीचं किंवा पामोलीन.

मिश्रणाला कायद्याने मनाई नाही बरं. दोन तेलं मिसळून विकता येतात, प्रत्येकाचं प्रमाण निदान २० टक्के, अ‍ॅगमार्क हवा, सीलबंद हवं, आणि लेबलवर लिहायला हवं. न लिहिता मिसळलं की ती भेसळ.

लाकडी_घाणा_प्रेमी | दुपारी ४:५२

आमचा घाणेवाला समोर काढून देतो.

दाणाबाजार_निवृत्त | दुपारी ४:५५

मग दाणे तुम्ही नेता का?

लाकडी_घाणा_प्रेमी | संध्याकाळी ६:३०

नाही. बघतो.

खारीगाव_खाडी | संध्याकाळी ६:३४

पॉपकॉर्न संपलं, दुसरा डबा आणतो.

सुटं_तेल_नको | संध्याकाळी ७:०१

सुट्या तेलावरून आठवलं. १९९८ मध्ये दिल्लीत मोहरीच्या तेलात पिवळ्या धोत्र्याच्या बियांचं तेल मिसळलं होतं, ड्रॉप्सीची (अंगावर सूज येणाऱ्या आजाराची) साथ आली, साठहून जास्त माणसं गेली. त्यानंतर सुटं तेल बंद करा म्हणून नियम आले. तरी आमच्या नाक्यावर पंप लावलेला पिंप आहेच. त्याच्यावर "शुद्ध" लिहिलंय, हाताने.

कोपरी_वडेवाला | रात्री ८:४४

मी गाडीवाला. सगळे आम्हाला नावं ठेवतात, आमचं पण ऐका. दिवसाला सात-आठ लिटर तेल. वडा आधी बारा, मग पंधरा, आता अठरा केला तर गिऱ्हाईक तोंड फिरवतं. तेल चढलं की वडा लहान होतो, दुसरा मार्ग नाही. बटाटा कमी भरला तर दिसतो, बेसन पातळ केलं तर तेल जास्त पितं. सोयातेलात तळलं तर दुपारपर्यंत फेस धरतो, पामोलीन कढईत टिकतं. म्हणून सगळे पामोलीनवर. आवड म्हणून नाही.

जळकं तेल न्यायला दोन जण येतात. एक पावती देतो, बायोडिझेलला नेतो. दुसरा पावती देत नाही, भाव दोन रुपये जास्त देतो. तो कुठे नेतो मी विचारत नाही. मी पहिल्यालाच देतो, कारण माझा पण पोरगा बाहेर खातो.

अभ्यासू_माजिवडा | रात्री ९:०२

दादा, सलाम. बाकीच्यांसाठी: २०१८ च्या जुलैपासून नियम आहे, वापरलेल्या तेलात ध्रुवीय घटक (तेल पुन्हा पुन्हा तापवल्याने तयार होतात ते) २५ टक्क्यांच्या वर गेले की ते अन्नासाठी बाद. ऑगस्टमध्ये असं तेल गोळा करून बायोडिझेल करण्याची योजना आली. दिवसाला ५० लिटरच्या वर तेल वापरणाऱ्यांना नोंदवही ठेवावी लागते. तुमच्यासारखे सात लिटरवाले त्यात नाहीत आणि खरी गर्दी तुमच्यासारख्यांचीच आहे.

बायोडिझेलचा उल्लेख आलाच आहे तर: इंडोनेशियाने २०२५ पासून डिझेलमध्ये ४० टक्के पामजन्य इंधन मिसळायचं ठरवलं. म्हणजे आपला वडा आणि जाकार्ताचा ट्रक एकाच डब्यावर टपलेत. म्हणूनच नेहमी सगळ्यात स्वस्त असणारं पाम २०२४-२५ च्या हिवाळ्यात सोयाच्या वर गेलं. आणि २०२२ आठवा: फेब्रुवारीत युक्रेनचं युद्ध, सूर्यफूल अडकलं, एप्रिलअखेर इंडोनेशियाने पामची निर्यातच बंद केली, जेमतेम महिनाभर, पण तेवढ्यात इथे काय हलकल्लोळ झाला. तेव्हापासून पिशव्याही लहान झाल्या. धागाकर्तीच्या ८०० ग्रॅमचं मूळ तिथेच आहे: २०२२ मध्येच पाकिटांच्या ठरावीक मापांची सक्ती गेली. मग कंपनीने ८१० ग्रॅम भरलं काय नि ७५० काय, छापलं की झालं.

सोलापुरी_घणसोलीत | रात्री ९:३०

मग पाम इथेच का लावत नाही? परवा कुठेतरी वाचलं मिशन आहे म्हणे.

अभ्यासू_माजिवडा | रात्री १०:११

आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये पामसाठी ११,०४० कोटींचं, ऑक्टोबर २०२४ मध्ये बाकी तेलबियांसाठी १०,१०३ कोटींचं. दुसऱ्याचं लक्ष्य तेलबियांचं उत्पादन ३९० लाख टनांवरून २०३०-३१ पर्यंत ६९७ लाख टन करायचं.

पामची मोहिनी समजून घ्या. आपल्याकडे एका हेक्टरात सोयाबीन साधारण टनभर येतं, त्यात तेल १८० किलो. नीट जोपासलेली पाम तेवढ्याच जागेत तीन-चार टन तेल देते. आपण आयात करतो ते ९० लाख टन पाम उद्या सोयाबीनच्या तेलाने भागवायचं म्हटलं तर पाच कोटी हेक्टर लागतील. देशातली पेरणीखालची सगळी जमीन चौदा कोटी. म्हणजे तिसऱ्या हिश्श्याहून जास्त रान नुसत्या तेलाला. मग ज्वारी, तूर, गहू कुठे लावायचा, गच्चीवर?

पण पामला पाणी लागतं बारमाही, फळ यायला चार वर्षं. आंध्र-तेलंगणात गोदावरीच्या काठाने जमलंय. औशाला बोअर सहाशे फुटांवर, तिथे कुठून?

माझं मत विचाराल तर हेक्टरी उत्पादन वाढवणं हा लांबचा रस्ता आणि कढईत कमी ओतणं हा जवळचा. दुसरा कोणालाच आवडत नाही, मलाही नाही. आत्ता कांदाभजी खात टंकतोय.

सोलापुरी_घणसोलीत | रात्री १०:४०

आमच्याकडे आजोबा करडई करायचे. रब्बीत, ओलीवर, एकही पाणी न देता. काट्यांमुळे रानडुकरं शिरत नाहीत, म्हणून ज्वारीच्या कडेने पण दोन ओळी असायच्याच. सोडली का? काढणीला माणूस मिळेना. हाताला फडकी गुंडाळून पहाटे दहिवर असताना काढायची, ऊन चढलं की काटे कडक होतात. बायका म्हणायच्या दुप्पट मजुरी द्या. भाव दुप्पट नव्हता. आता हार्वेस्टरने निघते म्हणतात, पण तोवर रान सोयाबीन-हरभऱ्याला गेलं.

शिळ्या भाकरीवर करडईचं तेल आणि चटणी. जाऊ दे.

चकली_ऐरोली | रात्री ११:१५

एवढे प्रतिसाद येतील वाटलं नव्हतं. सगळं भावाला वाचून दाखवलं फोनवर, तास गेला. पेंडेच्या हिशेबाला तो दोन मिनिटं गप्प झाला, मग म्हणाला, "म्हणजे मी चार महिने कोंबड्यांसाठी राबलो." मग हसला. हमीभाव केंद्रावर नोंदणी केली होती का विचारलं, तर म्हणे ओलावा बारा टक्क्यांच्या वर गेला की घेत नाहीत, आणि वाळवायला ऊनच नव्हतं.

मी माझ्यापुरतं एवढं केलं: आज पुढच्या ऑर्डरीचे डबे घ्यायला गेले तेव्हा पंधरा लिटरचा आणि पंधरा किलोचा असे दोन्ही भाव विचारले. आजवर "पंधराचा डबा" एवढंच म्हणायचे. पंधरा लिटरचा भरतो १३ किलो ६५०. १ किलो ३५० चा फरक, म्हणजे माझ्या हाताने पाच किलो चकलीचं तेल. नऊ डब्यांचा हिशेब मी मुद्दाम करत नाहीये, झोप लागणार नाही.

भावाने एक एकर करडई टाकलीय यंदा, पंधरा दिवस झाले, उगवण चांगली आहे. विकायची नाही, घरीच खायला आणि मला द्यायला. मार्चमध्ये निघेल. ठाणे-ऐरोलीकडे आपलं बी घेऊन समोर गाळून देणारा घाणा कोणाला माहीत आहे का? शेंगदाणा-खोबरं करणारे दिसतात, करडईला नाही म्हणतात.

लाकडी_घाणा_प्रेमी | रात्री ११:२२

माझा नाही सांगत. 😐 आज दाणे घेऊन गेलो होतो. म्हणाला मशीन बंद आहे.

नौपाडा_आजी | सकाळी ७:०५

आहे एक, कळव्याच्या बाजूला. नाव इथे टाकत नाही, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते. आठवडाभर आधी सांगावं लागतं, कारण करडई घातली की मग घाणा धुऊन घ्यावा लागतो त्याला. बी चांगलं कडकडीत वाळवून ने. चार किलोला किलोभर निघालं तर खूप समज.

आणि पेंड मागून घे गं परत. ते विचारल्याशिवाय देत नाहीत.